समुद्राच्या जरा अलीकडे

गॅरेजसमोरचा बर्फ फावड्यानं बाजूला करून आत आलो की मी चहा ठेवतो आणि चहाला उकळी येईपर्यंत फोनवर आफ्रिकेतला पाऊस बघतो. ही सवय गेल्या हिवाळ्यातली. त्याआधी याच वेळात मी व्हिसा बुलेटिन बघायचो. ग्रीन कार्डाच्या रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला, हे त्यात छापून येतं. ते महिन्यातून एकदाच निघतं, तरी मी रोज बघायचो. आता आधी पाऊस. मध्य आफ्रिकेच्या नकाशावर विषुववृत्ताची बारीक रेघ आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना काँगो नदीचं खोरं पसरलेलं आहे. डिसेंबरात रेघेच्या खाली ढगांची दाटी असते, वरचा भाग मोकळा. खिडकीबाहेर नेपरव्हिल पांढरं झालेलं असतं, डुपेज नदीच्या कडांना बर्फाची साय धरलेली असते, आणि मी, भंडाऱ्याचा माणूस, शिकागोच्या पश्चिमेच्या या गावात स्वयंपाकघरात मोजे सुकवत उभा राहून किन्शासाला पाणी किती चढलं असेल याचा अंदाज बांधत असतो.

"झालं का तुझं हवामान खातं?" अनघा विचारते. अनघा माझी बायको. "चहा उतू चाललाय."

गेल्या वर्षी याच दिवसांत सायली सुट्टीला घरी आली होती. सायली आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा बावीस वर्षांची. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकते. काय शिकते असं कोणी विचारलं की मी "हायड्रॉलॉजी" म्हणतो आणि अनघा म्हणते, "पाण्याचं काहीतरी." दोघांच्या उत्तरानं समोरच्याला सारखंच कळतं. त्या वेळी तिनं बॅगेतून एक गुंडाळी काढली आणि जेवायच्या टेबलावर पसरली. नकाशाची टोकं पुन्हा पुन्हा वळत होती, म्हणून एका कोपऱ्यावर मेतकुटाची बरणी ठेवली, एकावर तिचा फोन, एकावर माझा चष्मा. चौथ्या कोपऱ्यावर मी हात ठेवून उभा राहिलो. असा हात ठेवून मी नंतर बराच वेळ उभा होतो.

नदी धनुष्यासारखी दिसत होती. दक्षिणेतल्या पठारांवर उगम पावते आणि सरळ उत्तरेला निघते. समुद्र पश्चिमेला असताना. विषुववृत्त ओलांडते, मग जणू चूक लक्षात आल्यासारखी डावीकडे वळते, मोठी कमान करते, पुन्हा खाली येते, पुन्हा विषुववृत्त ओलांडते, आणि मग कुठे समुद्राकडे जाते.

"म्हणून काय होतं, बाबा," सायली बोटानं दाखवत म्हणाली, "उत्तरेकडून उबांगी येते, दक्षिणेकडून कसाई. जेव्हा वरती पाऊस असतो तेव्हा खाली ड्राय सीझन. आणि उलट. सो समवेअर इट्स ऑल्वेज रेनिंग."

"म्हणजे हिला उन्हाळाच नाही?"

"पाणी कमी-जास्त होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उतरतं, डिसेंबरमध्ये सगळ्यात वर असतं, मग एप्रिल-मेमध्ये एक छोटा पूर. पण आटत नाही. नेव्हर."

"माझ्यासारखीच की," अनघा कुकरचं झाकण लावता लावता म्हणाली. "सुट्टी नाही."

मला मात्र ते खरं वाटेना. आमची वैनगंगा पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहायची आणि होळीनंतर बघावं तर नुसती वाळू. त्या वाळूत ढिवर लोक डांगरवाड्या लावायचे, म्हणजे खरबुजांचे वेल. दुपारच्या उन्हात वाळू पायाला चटके द्यायची आणि वाडीपाशी गेलं की पिकलेल्या डांगराचा गोड, जरा आंबूस वास यायचा. मोठ्या नदीच्या पोटात उभं राहून फळ खायचं, यात आम्हाला काही वेगळं वाटायचं नाही. नदी ही येणारी आणि जाणारी गोष्ट होती. ती गेली की तिची जागा आम्हाला मिळायची, आणि ती परत येणार हे ठरलेलं असायचं. आता खाली धरण झाल्यापासून तिथे बाराही महिने पाणी उभं असतं, वाळू दिसत नाही असं धाकटा भाऊ सांगतो. मी पाहिलेलं नाही. मी शेवटचा गेलो होतो तेव्हा सायलीचे दुधाचे दात पडत होते.

हे वाक्य लिहिताना हात जरा थांबला. ज्यांना इथली भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी कामाच्या व्हिसावर इथे आहे. तो व्हिसा इथल्या इथे वाढवून मिळतो, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी पासपोर्टवर नवा शिक्का लागतो, आणि तो मिळेलच असं कोणी सांगू शकत नाही. घर, नोकरी, मुलीची शाळा इकडे, आणि आपण शिक्क्यासाठी तिकडे खोळंबलेले, अशी माणसं आमच्या ओळखीत आहेत. म्हणून आमच्यासारखे लोक जात नाहीत. लग्नांना जात नाहीत, आजारपणांना जात नाहीत. आधी एक वर्ष, मग पुढचं वर्ष. सायलीला तीन वर्षांची असताना आणली. एकविसाव्या वर्षापर्यंत ती माझ्या व्हिसाच्या सावलीत होती. त्या वाढदिवसाला सावली संपली आणि ती विद्यार्थी म्हणून इथे राहू लागली. तिच्या पासपोर्टवर शिक्का नाही. ती बाहेर गेली तर तिला मुंबईत अमेरिकन वकिलातीच्या खिडकीसमोर उभं राहून सांगावं लागेल, की मी शिकून माझ्या देशात परत जाईन. कुठला देश, असं तिनं मला एकदा विचारलं होतं. कुरकुर म्हणून नव्हे, खरंच फॉर्म भरताना.

आणि हे असं झालं, कारण आम्ही आल्यापासून पहिली पाच वर्षं "दोन वर्षांत परत जायचंच आहे" असं म्हणत होतो. पुण्यात फ्लॅट बघायचा, अनघाच्या आईजवळ राहायचं, सगळं ठरलेलं. परत जायचंय तर ग्रीन कार्डाच्या रांगेत कशाला उभं राहायचं? मग रांगेत उभे राहिलो तेव्हा रांग इतकी वाढली होती की आमचा नंबर लागायच्या आधीच सायली एकवीस वर्षांची झाली. आमच्या पिढीतल्या कितीतरी मराठी घरांनी हेच केलं. त्यामुळे मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही.

हे सगळं त्या नकाशाच्या चौथ्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा असताना मनात होतं, कारण सायलीनं पुढचं वाक्य बोलायला घेतलं होतं. तिच्या गाइड मॅडमची टीम पुढच्या डिसेंबरच्या पुरात काँगोवर जाणार होती. पूर्वी त्या नदीवर पुष्कळ ठिकाणी पाणी मोजायचे, आता मोजक्याच ठिकाणी मोजतात. उपग्रहावरून पाण्याची उंची कळते, पण किती पाणी जातंय हे कळायला कोणालातरी नावेतून मध्यावर जावं लागतं, यंत्र पाण्यात सोडावं लागतं. यंत्र आवाज सोडतं, पाण्यातल्या बारीक कणांवरून तो परत येतो आणि त्यावरून प्रवाहाचा वेग कळतो.

"कोणीतरी तिथे जाऊन उभं राहायला पाहिजे, बाबा. त्यांनी मला विचारलंय."

अनघानं गॅस बारीक केला. मी म्हणालो, "तू ठरव. आम्ही काही बोलणार नाही."

आणि खरंच, आम्ही काही बोललो नाही. त्या दिवशी जेवताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही. टीव्हीचा आवाज थोडा वाढवला. सायली मोठी झाली ती अशाच शांततेत. तिनं नाच सोडला तो "तू ठरव"नंतर, डॉक्टरकीला जायचं नाही ठरवलं तेही "तू ठरव"नंतरच्या तीन महिन्यांच्या घुसमटीतून. माझ्या वडिलांनी मला असंच वाढवलं होतं. ते ओरडत नसत, फक्त पेपर वाचत असत.

जानेवारीत मराठी मंडळातल्या सुधीरकडे संक्रांतीचं जेवण होतं. सुधीर पुण्याचा, आमच्यासारखाच रांगेत. बायका वर हळदीकुंकवात, पुरुष खाली बेसमेंटमध्ये कागदी प्लेटा धरून. विषय एकच.

"डेट हलली का रे?"

"हलली ना. एक आठवडा मागे."

"माझी डेट आणि माझं वजन," सुधीर म्हणाला, "दोन्हींतलं एकच पुढे सरकतं. अजून एक गुळाची पोळी दे इकडे."

सगळे हसले. मीही हसलो. मग सुधीर माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "सायली आफ्रिकेत जातेय म्हणे? अरे, वेडा आहेस का तू? परत नाही आली तर?" मी म्हणालो, "तिचं तिनं ठरवायचंय, यार." हे म्हणताना मला मनातून बरं वाटलं, कारण सुधीरची बायको विदुला मावशी सायलीची लाडकी आहे, आणि सुधीरला सांगितलं म्हणजे विदुला मावशीचा फोन जाणार हे मला पक्कं माहीत होतं. तो गेलाच. वकिलांशी एक कॉल "फक्त माहितीसाठी" मी लावून दिला. शिक्का न मिळाल्याच्या बातम्या मी तिला पाठवत राहिलो, वर काही न लिहिता.

ती उत्तरादाखल नदी पाठवायची. माझ्या एका बातमीला तिचा एक फोटो. खोऱ्याच्या मधोमध एक प्रचंड, उथळ ताट आहे. तिथे उतार इतका कमी की पाण्याला कुठे जायचं ते कळत नसावं. ते जंगलात शिरतं, झाडांच्या बुंध्यांभोवती महिनोन्‌महिने उभं राहतं, पानं कुजून काळं होतं. फोटोत ते अगदी कोऱ्या चहासारखं दिसत होतं. असल्या पाण्याला घाई नसते. मी ऑफिसला जाताना मेट्राच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, डब्यात बसून ते फोटो बघायचो. बाजूला सगळे आपापल्या लॅपटॉपात, बाहेर सपाट, गोठलेली इलिनॉयची जमीन. माझ्या आयुष्याचा बराचसा भाग त्या उथळ ताटात गेला असं मला वाटायचं. वाहत होतो, हे नक्की. किती, ते कोणी मोजलं नाही.

मग ताट संपतं आणि नदी एका तळ्यासारख्या रुंद पाण्यात येते. त्याच्या दोन काठांवर दोन देशांच्या दोन राजधान्या समोरासमोर, किन्शासा आणि ब्राझाव्हिल. इथपर्यंत नावा चालतात. वरच्या किसांगानीपासून आठवडेच्या आठवडे माणसं, शेळ्या, धुरी दिलेले मासे, लाकडं घेऊन बार्जेस खाली येतात आणि इथे थांबतात. कारण पुढे नदी डोंगरात अरुंद होते आणि धबधबे, खळाळ, भोवरे सुरू होतात, ते थेट मटाडी बंदरापर्यंत. समुद्रावरून आलेली जहाजं मटाडीला थांबतात, नदीवरून आलेल्या नावा किन्शासाला. पाणी जातं. बाकी कोणी जात नाही. हजारो मैल मोकळं पाणी, आणि समुद्राच्या जरा अलीकडे असं.

"आणि तिथेच ती जगातली सगळ्यात खोल नदी आहे," सायली एकदा फोनवर सांगत होती. "एक मासा आहे तिथे. पांढरा. डोळे नाहीत. खूप खोल राहतो, म्हणून वर आला की मरतो."

"अरेरे."

"नाही, ऐक ना. मला आवडतं ते दुसरंच आहे. या काठाला एका जातीचे मासे आणि त्या काठाला वेगळ्या जातीचे. एकाच नदीत. मधला प्रवाह इतका जोरात आहे, की ते एकमेकांकडे जाऊच शकत नाहीत. दे जस्ट बिकेम डिफरंट."

मी विचारलं, "डोंगर वगैरे काही मध्ये नाही?"

"काही नाही. नुसतं पाणी."

फोन ठेवल्यावर मी बेसमेंटमध्ये बराच वेळ बसून होतो. ती मराठी बोलते ती माझ्यासाठी. तिच्या मित्रांशी बोलताना मी तिचा आवाज ऐकला आहे, तो वेगळाच असतो, जलद, मोठा, हसरा. माझ्याशी बोलताना ती वाक्यं जपून टाकते, पायाखालचा दगड डळमळतो का बघत.

मार्चमध्ये तिला स्प्रिंग ब्रेक होता. ती घरी आली त्याच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला, की तिकडची परवानगी अडकली आहे, ट्रिप बहुतेक कॅन्सल होईल. मी ऑफिसात होतो. मेसेज दोनदा वाचला. संध्याकाळी मी नेपरव्हिलची गाडी पकडली नाही. बस पकडून देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूला गेलो. दुकानांच्या काचांवर वाफ धरली होती, साड्यांच्या दुकानातल्या पुतळ्या थंडीत बिनबाह्यांच्या ब्लाऊजमध्ये उभ्या होत्या, फुटपाथवर काळा पडलेला बर्फ. मी मिठाईच्या दुकानात शिरलो आणि गरम जिलबी घेतली, वर पेढे घेतले. बॉक्सला दोरी बांधून दे म्हणून दुकानदाराला सांगितलं. का घेतोय, हे मी स्वतःला विचारलं नाही. परतीच्या गाडीत बॉक्स मांडीवर गरम लागत होता आणि मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सायली आली. अनघानं बॉक्स टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिला कळलं होतं.

"कसली मिठाई?" सायलीनं विचारलं.

"सहजच गं. डेव्हनला गेलो होतो."

"सहज? यू हेट डेव्हन. पार्किंग मिळत नाही म्हणून तू दिवाळीलाही जात नाहीस."

"बसनं गेलो."

"बसनं." ती थोडा वेळ बॉक्सच्या दोरीकडे बघत राहिली. मग तिनं दोरी सोडली, एक पेढा उचलला, पूर्ण खाल्ला. "छान आहे," म्हणाली. "बाबा, तू मला नाही म्हण ना एकदा. प्लीज. म्हणजे मी भांडू तरी शकेन. तुझं 'तू ठरव' म्हणजे काय असतं माहितेय? दार उघडं असतं आणि त्या दारात तू उभा असतोस."

मी म्हणालो, "जिलबी गरम करून देऊ?"

मुलीच्या हातातून काहीतरी निसटलं म्हणून पेढे आणणारा बाप मी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिच्या भल्याचाच विचार करत होतो असं स्वतःला अजूनही सांगू शकतो, आणि ते खोटंही नाही. पण परतीच्या गाडीत मांडीवर बॉक्स घेऊन बसलेला माणूस तिच्या भल्याचा विचार करत नव्हता. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि सुटण्यासाठी त्याला ती अडकायला हवी होती.

त्या आठवड्यात बर्फ वितळायला लागला. बेसमेंटच्या खड्ड्यातला सम्प पंप सारखा सुरू व्हायचा, घरघर करून पाणी बाहेर फेकायचा, थांबायचा. सायली खाली बसून काम करत असायची. एकदा तिनं मला बोलावून स्क्रीनवर दाखवलं: नदी समुद्राला मिळते तिथे तिचं तपकिरी पाणी निळ्या पाण्यात दूरवर जाताना वेगळं दिसत राहतं, आणि समुद्राच्या तळाशीसुद्धा तिनं कोरलेली दरी पुढे पुढे जाते. मी "वा" म्हणालो. ती म्हणाली, "वा काय, बाबा. विचार ना काहीतरी." मला विचारायला काही सुचेना. इतकी वर्षं मी तिला फक्त कागदांबद्दल विचारत आलो होतो.

एप्रिलच्या शेवटी परवानगी सुटली. ते तिनं मला मेसेजवर कळवलं नाही. मे महिन्यात मी तिचं सामान आणायला स्टेट कॉलेजला गेलो तेव्हा सांगितलं. चार मुली मिळून एक अपार्टमेंट, बाहेरच्या जिन्यावर खोकी, एकीची सायकल, एकीचं तांदळाचं अर्धं पोतं. खोकी गाडीत भरून आम्ही निघालो. गाडी तीच चालवत होती. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर मागे पडले आणि ओहायो लागलं, सपाट, नुकतीच नांगरलेली शेतं.

"मी जाणारेय, बाबा."

"हं."

"हं म्हणजे?"

"ऐकलं मी."

"परत येताना प्रॉब्लेम होऊ शकतो, मला माहितेय. वकीलकाकांनी, विदुला मावशीनं, सगळ्यांनी सांगितलंय. तू तर सगळ्यात जास्त सांगितलंस, न बोलता." ती थोडी हसली. मग तिनं पुढचा ट्रक ओलांडला. "आजोबा गेले तेव्हा मी आठवीत होते. तू खाली बेसमेंटमध्ये होतास. लॅपटॉप टेबलावर होता, त्यात काका आणि सगळे दिसत होते. तू खुर्चीवर बसला नव्हतास. उभा होतास. आणि तू पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या होत्यास."

मला ते आठवत नव्हतं. म्हणजे स्क्रीनवरचं सगळं आठवत होतं, धाकट्या भावाच्या खांद्यावरचं मडकं, मागची लोकं, मधेच थिजणारं चित्र. माझ्या व्हिसाचा अर्ज तेव्हा अडकलेला होता आणि आता हलू नका असं सांगण्यात आलं होतं. सपातांचं मात्र आठवत नव्हतं.

"ती फरशी केवढी गार असते," सायली म्हणाली. "मी जिन्यावर बसून बघत होते. मी तुला ब्लेम नाही करत. पण मला तसं उभं राहायचं नाहीये."

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. शेतांच्या कडेला पाणी साचलं होतं, त्यात आभाळ. मी म्हणालो, "पुढच्या एक्झिटला गॅस भरून घे."

"ओके," ती म्हणाली.

नोव्हेंबरात ती गेली. अनघानं तिच्या बॅगेत मेतकूट, मुगाच्या खिचडीची पाकिटं आणि मच्छरदाणी भरली. सुधीर-विदुलाही सोडायला आले. विदुला मावशीनं तिच्या हातावर दही ठेवलं आणि "लवकर ये गं बाई" म्हणून डोळे पुसले. मी तिची बॅग घेऊन चाललो होतो. ती म्हणाली, "चाकं आहेत तिला, बाबा, उचलू नकोस." मी बॅग उचलून धरली होती.

आणि आता हा डिसेंबर. खाली दक्षिणेतला पाऊस नदीत उतरला आहे, वरचा उत्तरेचा आधीच उतरून आलेला, दोन्ही पुरांचं पाणी एकमेकांत मिसळून किन्शासाजवळ चढतं आहे, आणि त्यात कुठेतरी एका नावेत माझी मुलगी दोरीला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडते आहे. मी रोज सकाळी पाऊस बघतो. बुलेटिनही बघतो, खोटं कशाला बोलू.

काल रविवार. सकाळी तिचा फोन आला, तिकडे दुपार होती. नेटवर्क किनाऱ्यावरच्या एका बाजारापाशी येतं म्हणून ती तिथे येऊन उभी होती. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघं काउंटरशी उभे राहिलो.

"बाबा, काम वाढलंय. मी जानेवारीत निघत नाहीये. एप्रिल-मेचा पूर पण मोजायचाय, दोन्ही लागतात. मुंबईची व्हिसाची अपॉइंटमेंट कॅन्सल केली."

माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. एवढे दिवस बाहेर राहिलं की तिचे कागद पुन्हा पहिल्यापासून, मग पुढचं सत्र, मग... मी तोंड उघडलं, आणि कधी नव्हे ते विचारलं, "पाणी किती आहे?"

ती एकदम बोलायला लागली. मित्रांशी बोलतानाचा तो जलद, हसरा आवाज, जो मी फक्त दुरून ऐकला होता. मधलं पाणी कसं ओढतं, काठावरचं कसं उलटं फिरतं, जलपर्णीची बेटंच्या बेटं कशी बाजूनं निघून जातात, त्यांच्यावर बगळे उभे असतात. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मी ऐकत होतो.

मग ती म्हणाली, "तुम्ही या ना इकडे. एप्रिलमध्ये या. मी नावेत बसवते तुम्हाला."

अनघानं माझ्याकडे बघितलं.

"बाबा? खरंच म्हणतेय. येशील?"

हो म्हणायला काय लागतं? वरच्या कप्प्यातला माझा पासपोर्ट मला दिसला, कितीतरी वर्षांपूर्वी मुदत संपलेला शिक्का, ऑफिस, घराचे हप्ते, अनघा, रांग, रांगेतली आमची जागा. हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून जात होतं आणि त्यातलं काहीच नवीन नव्हतं. मला वाटलं लाइन तुटली असेल. पण तिच्या मागे कोणीतरी बाई मोठ्यानं हसत होती, भांड्यावर भांडं आपटत होतं, मोटारबोटीचं इंजिन फटफटत होतं. लाइन चालू होती. सायली वाट बघत होती.

अनघानं फोन उचलून हातात घेतला. "ते राहू दे गं आधी. तिथे जेवायला काय मिळतं ते सांग."

मग सायली म्हणाली, "मासा, आई. पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवतात."

"कसल्या पानात? केळीच्या?"

"केळीसारखी असतात, पण केळीची नाहीत."

"मग कसली असतील रे?" अनघानं माझ्याकडे बघून विचारलं.

कॉल नुसत्या आवाजाचा होता, माझा चेहरा सायलीला दिसणार नव्हता. तरी मी कपाळाला आठी घातली, हनुवटीवर हात ठेवला आणि पानांचा विचार करत असल्यासारखा उभा राहिलो.